दिवाळीची सुटी, टोकियोची सहल आणि जूनपर्यंतची नोकरी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका २७ वर्षांच्या असून नागपुरातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या खाजगी शाळेत माध्यमिक शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणाऱ्या शिक्षिका, आहेत. आठवी ते दहावीला त्या गणित शिकवतात. सेवेचे तिसरे वर्ष चालू आहे आणि येत्या जूनमध्ये ते पूर्ण होईल. शाळेचा पट घटत असल्याने अतिरिक्त ठरण्याची, म्हणजे पद जाण्याची, भीती आहे. वह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम रात्री अकरापर्यंत पुरते. स्टाफ मीटिंगमध्ये विषयवार निकाल वाचला गेला तेव्हा त्यांचा विषय सर्वांत खाली होता. महाविद्यालयापासून त्यांना ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, आवड आहे आणि दोन मैत्रिणींबरोबर दिवाळीच्या सुटीत सहा दिवस जपानला जाण्याचा बेत आहे. साठवलेले १ लाख ९० हजार रुपये आईच्या मते लग्नासाठी राहावेत. सहकाऱ्यांच्या मते कार्टून बघायला एवढा खर्च करणे हा पोरकटपणा आहे. त्या विचारतात : जावे का? आणि परत आल्यावर राजीनामा द्यावा का?

नमस्कार.

तुमच्या पत्राची पहिली चार पाने शाळेविषयी आहेत आणि शेवटचे अर्धे पान जपानविषयी. या दोन भागांना जोडणारे एकच वाक्य आहे : ‘तिथे जाऊन आले की मला कळेल, ही नोकरी करायची की नाही.’ माझा मतभेद आहे तो या वाक्याशी. सहा दिवसांच्या सहलीकडून तुम्ही असा कौल मागत आहात जो तिला देताच येणार नाही. सहल छान झाली तर परतल्यावरचा पहिला सोमवार कोणत्याही शाळेत नकोसाच वाटेल. पाय दुखले, पाऊस लागला, मैत्रिणींशी कुरबुर झाली, तर ‘हेही जमले नाही’ असे वाटून तुम्ही स्वतःलाच बोल लावाल. दोन्ही वेळा तुमच्या नोकरीविषयी नवीन असे काहीच हाती लागणार नाही. म्हणून सहलीचा निर्णय सहलीच्या जागी आणि नोकरीचा नोकरीच्या जागी घ्यावा, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

आधी शाळा. तुम्ही थकव्याची जी कारणे दिली आहेत ती एकाच ओळीत आली असली तरी एका जातीची नाहीत. वह्या तपासणे हे काम आहे. दोन वर्गांची ऑनलाइन माहिती तुमच्याकडेच येणे हा कामाच्या वाटपाचा प्रश्न आहे. पालकांनी रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘मॅडम, उद्याचा होमवर्क?’ असे विचारणे ही निव्वळ पडलेली सवय आहे. आणि पट घटणे हे तुमच्या हातात मुळीच नाही. या चारही गोष्टींना ‘मी शिक्षिका म्हणून कमी पडते’ असे एकच नाव दिले की त्यांतली एकही सुटत नाही.

पत्रात एक परिच्छेद असा आहे ज्यात तक्रारीचा एकही शब्द नाही. गुरुवारच्या ऑफ पिरियडला ग्रंथालयाच्या खोलीत तुम्ही नववीच्या १३ मुलांना अपूर्णांकांची बेरीज पुन्हा पहिल्यापासून शिकवता, छेद समान करण्यासाठी कागदाच्या पट्ट्या कापून घेता, आणि त्यांतल्या एकाने कोणी न सांगता फळ्यावर गणित सोडवले, हे तुम्ही बारकाईने लिहिले आहे. यावरून ‘तुमचा जन्मच शिक्षकी पेशासाठी झाला आहे’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. तसे बोलणारे भोवती पुष्कळ असतात आणि ते बोलणे बहुधा फुकटात काम करून घेण्यासाठी असते. मी एवढेच म्हणेन की थकवा शिकवण्यातून आलेला दिसत नाही, तो शिकवण्याच्या आजूबाजूने आला आहे. शाळा बदलण्याचा विचार आणि पेशा सोडण्याचा विचार यांत त्यामुळे मोठे अंतर पडते.

अतिरिक्त ठरण्याच्या भीतीबद्दल ‘उगाच काळजी करता’ असे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकपदे, ठरते, त्यात आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच धरले जातात, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातील निकषांनंतर लहान पटाच्या मराठी शाळांमध्ये अस्वस्थता वाढली आहे. परंतु हे गणित पटाचे आणि सेवाज्येष्ठतेचे आहे. तुमच्या विषयाचा निकाल दहा टक्क्यांनी वाढला म्हणून पद वाचत नाही आणि घसरला म्हणून जात नाही. तुमच्या हातात आहेत ती कागदपत्रे. नियुक्ती आदेश, शिक्षणसेवक पदाची वैयक्तिक मान्यता, शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतील आयडीचा आदेश, रुजू अहवाल, मानधनाच्या नोंदी आणि ज्येष्ठता यादीची प्रत, हे सगळे शाळेच्या कपाटात असेलच असे गृहीत न धरता स्वतःच्या घरी एका फाईलमध्ये ठेवा. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आल्यापासून प्रामाणिक शिक्षकांनाही कागद दाखवावे लागतात, आणि ज्याची फाईल पूर्ण असते त्याची झोप कमी उडते. ही फाईल दिवाळीआधी पूर्ण करा. एका रविवारचे काम आहे.

याच कारणामुळे राजीनाम्याचा विषय जूनपर्यंत बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले, तरी नियमित वेतनश्रेणी मिळते ती तीन वर्षांची सेवा समाधानकारकपणे पूर्ण झाल्यावरच. तुम्ही दोन वर्षांहून अधिक काळ कमी पैशांत पूर्ण काम केले आहे. आता थोडक्यासाठी ते सोडणे म्हणजे सगळा तोटा स्वतःकडे घेणे होय. पुढे शाळा बदलायची झाली तरी नियमित शिक्षिका म्हणून बदलणे आणि अर्धवट सेवेवर बदलणे यांत फरक आहे. या सल्ल्याला एक अपवाद आहे. झोप लागत नाही, शाळेच्या फाटकाशी आल्यावर छातीत धडधडते असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. हे आठवड्यातून एखाद्या दिवशी होत असेल तर विश्रांतीने कमी होईल. रोज होत असेल तर दिवाळीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तब्येतीचा प्रश्न असेल तर जूनची मर्यादाही मोडावी.

मुख्याध्यापकांशी बोलणे तुम्ही टाळत आला आहात, कारण ‘मी नवीन आहे, नाही कसे म्हणणार’. नाही म्हणू नका, हिशेब दाखवा. दोन आठवडे रोज शाळेनंतरच्या कामाला किती वेळ गेला ते वहीत लिहा आणि मग एकच मागणी करा, उदाहरणार्थ, दोन वर्गांपैकी एका वर्गाची ऑनलाइन माहिती दुसऱ्या कोणाकडे द्यावी. ‘मला झेपत नाही’ या वाक्याला ‘सगळेच करतात’ हे उत्तर तयार असते. ‘या कामाला आठवड्यात सात तास जातात आणि त्याच वेळेत दहावीचे सराव पेपर तपासून होतील’ या वाक्याला ते पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे हे खरे, परंतु कलमाचा कागद हातात घेऊन शिक्षणसेवकाने मुख्याध्यापकांच्या दालनात शिरावे असा सल्ला मी देणार नाही. निकालाबाबतही असेच बोलता येईल. या मुलांचा आठवीच्या प्रवेशावेळचा स्तर काय होता आणि आज काय आहे, हे त्या १३ मुलांच्या चाचणी पेपरांसह समोर ठेवा. पालकांच्या ग्रुपवर मात्र कोणाची परवानगी लागत नाही : ‘संध्याकाळी सातनंतर आलेल्या संदेशांना दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल’ असे एकदा लिहा आणि पहिले दोन आठवडे ते काटेकोरपणे पाळा.

आता जपान. तुम्ही लिहिता की लोकांना तोंड देण्यासाठी या सहलीला ‘शैक्षणिक अभ्यास दौरा’ म्हणावे, जपानी शाळांची माहिती गोळा करावी आणि परतल्यावर मुलांना सादरीकरण दाखवावे. कृपा करून असे काही करू नका. दिवाळीत पचमढीला किंवा तिरुपतीला गेलेल्या सहकाऱ्याकडून कोणी शैक्षणिक अहवाल मागत नाही. ॲनिमे केवळ लहान मुलांसाठी नसते हे स्टाफरूममध्ये सिद्ध करण्याचीही गरज नाही. तो वाद जिंकला तरी सुटी लांबत नाही. सुटीलाच काम लावले तर सुटी कशाला घ्यायची? तुम्हाला ते रस्ते, ती स्थानके, त्या दुकानांतले रचलेले जुने अंक पाहायचे आहेत, एवढे कारण पुरे आहे. समाजमाध्यमावर फोटो टाकल्यास पालक पाहतील ही धास्ती असेल तर खाते खाजगी करा; त्यात लपवण्यासारखे काही आहे म्हणून नव्हे, तर सुटीतही प्रत्येक पालकाची प्रतिक्रिया झेलावी लागू नये म्हणून.

‘जपानी शिकून तिथेच शिक्षिका व्हावे का’ असेही तुम्ही एका ओळीत विचारले आहे. भाषा जरूर शिका; जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि एन-५ ही पहिली पायरी नोकरी सांभाळून चढता येते. पण ॲनिमेतल्या शाळेत खिडकीशेजारच्या शेवटच्या बाकावर बसलेली मुले दिसतात, शिक्षक-खोलीतले रात्रीचे दिवे फारसे दिसत नाहीत. ओईसीडी या संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक-सर्वेक्षणात जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला ५६ तास काम नोंदवले होते. सहभागी देशांची सरासरी ३८.३ तास होती आणि जपान सर्वांत वर होता. ज्या जाचातून तुम्ही बाहेर पडू पाहता, तो तिथल्या शिक्षकांनाही चुकलेला नाही.

आईंचा विरोध मला दोन भागांचा दिसतो. एक परक्या देशाची धास्ती, आणि ती खरे तर नागपुरात फार टिकू नये. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी सहकार्याने उभे राहून १९९९ पासून आपल्या शेजारी आहे आणि जपानहून येऊन नागपूरकर झालेले भदन्त सुरेई ससाई यांना शहर कित्येक दशके ओळखते. दुसरा भाग पैशांचा, आणि तिथे आईंचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. लग्नाचा मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण लग्न ठरलेले नाही आणि न ठरलेल्या लग्नासाठी अडवलेला पैसा हा तुमच्या आयुष्यावरचा निर्णय दुसऱ्याने घेणे आहे. पण मानधन अनियमित असलेल्या, पद निश्चित नसलेल्या व्यक्तीकडे पाच महिन्यांचे पैसे हाताशी असावेत हे मात्र खरे. मैत्रिणींनी काढलेला माणशी दीड लाखाचा खर्च केला तर तुमच्याकडे जेमतेम ४० हजार उरतील. हा खर्च १ लाख २० हजारांवर आणता आला आणि दिवाळीपर्यंतच्या चार महिन्यांत नेहमीप्रमाणे महिन्याला सहा हजार मागे पडले, तर परतल्यावर ९४ हजार शिल्लक राहतात, म्हणजे पाच महिन्यांच्या मानधनाहून थोडे अधिक. आईंना भावनेचे उत्तर देण्याऐवजी हा हिशेब कागदावर दाखवा. खर्च एवढा खाली येत नसेल तर वेतनश्रेणी लागल्यानंतरच्या दिवाळीपर्यंत थांबा. हप्त्यांवर सहल देणाऱ्या जाहिराती आणि वैयक्तिक कर्ज, या दोन्हींपासून दूर राहा.

खर्च खाली आणणे शक्य आहे, कारण तुम्ही सोबत जोडलेले वेळापत्रक मी वाचले आहे. सहा दिवसांत टोकियो, क्योटो, ओसाका आणि नागोया, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत, प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे. हे तर शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कडक झाले. यात ऑफ पिरियडसुद्धा नाही. क्योटो, ओसाका आणि नागोया वगळा. सात दिवसांचा जपान रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. हजार येनचे साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये धरले तर केवळ पास न घेतल्याने माणशी साडेसत्तावीस ते ३० हजार रुपये वाचतात, आणि टोकियोतच राहायचे असेल तर त्याची गरजही नाही. क्योटोचे आंतरराष्ट्रीय मांगा (जपानी चित्रकथा) संग्रहालय सोडवत नाही हे मला कळते, कारण ते एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे आणि शिक्षिकेला त्या लाकडी जिन्यांची ओढ वाटणारच. पण शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने जायला सव्वादोन तास आणि यायला तेवढेच, शिवाय भाडे, म्हणजे एक दिवस आणि बरेच पैसे गेले. नागोयाजवळचे, घिबली या ॲनिमेशन स्टुडिओवर आधारलेले घिबली पार्क नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, त्यालाही पूर्ण दिवस आणि वेगळी तिकिटे लागतात. पुढच्या वेळी.

टोकियोत तुमच्या यादीतील बरीच ठिकाणे चुओ या एकाच रेल्वेमार्गावर आहेत, हे मैत्रिणींच्या लक्षात आलेले दिसत नाही. शिंजुकूहून निघाले की आधी नाकानो लागते, जिथे नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलात जुने मांगा अंक आणि खेळणी मिळतात. पुढे ओगिकुबो, जिथून सुगिनामीच्या ॲनिमेशन संग्रहालयाला जाता येते आणि प्रवेश विनामूल्य आहे. आणि मग मिताका, जिथे २००१ पासून घिबली संग्रहालय आहे. हे तीन मिळून एक निवांत दिवस होतो. ॲनिमेच्या दुकानांचे अकिहाबारा एका संध्याकाळी पुरे. डोरेमॉनच्या निर्मात्याचे संग्रहालय शेजारच्या कावासाकीत आहे आणि नोबोरितो स्थानकावरून बस मिळते. तेथील प्रवेशाची तारीख आणि वेळ आधी ठरवावी लागते. कामाकुरा हायस्कूल स्थानकाजवळचे ते ॲनिमेमुळे प्रसिद्ध झालेले रेल्वे फाटक पाहायला जाणार असाल तर तो रोजच्या रहदारीचा रस्ता आहे आणि गर्दीने तेथील रहिवासी त्रासले आहेत हे ध्यानात ठेवा. शाळेतून सुटणाऱ्या मुलांचे फोटो काढू नका. आपल्या शाळेच्या फाटकाशी कोणी परदेशी पाहुणा तसे करू लागला तर तुम्ही काय कराल, हे मी तुम्हाला सांगायला नको. सहापैकी एक पूर्ण दिवस कोरा ठेवा.

घिबली संग्रहालयाचे तिकीट दारात मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटे प्रत्येक महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला खुली होतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, नेमकी सकाळपाळीला निघायच्या घाईत. नोव्हेंबरात भाऊबीज आटोपून जाणार असाल तर १० ऑक्टोबरला हे काम अशा मैत्रिणीकडे सोपवा जिला सात वाजता परिपाठाला उभे राहायचे नसते. प्रौढांचे तिकीट १,००० येन आहे, आत छायाचित्रणाला परवानगी नाही आणि मंगळवारी संग्रहालय सहसा बंद असते. दिवाळीचा काळ हवामानाच्या दृष्टीने चांगला. उन्हाळी सुटीत जाण्याचा पर्याय तुम्ही सुचवला आहे तो मला कमी पसंत आहे, कारण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे गोल्डन वीक या सलग सुट्यांची गर्दी असते आणि जूनमध्ये पावसाळा लागतो. शाकाहारी असाल तर एक गोष्ट पदार्थ निवडताना विचारा : साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि भाजीतही बहुधा माशांचा अर्क असतो. दुपारच्या जेवणाला दुकानातील आंबट आलुबुखारा घातलेले भाताचे गोळे बरे पडतात. चिवडा आणि लाडू दिवाळीमुळे घरात असतीलच.

आता क्रमाची गोष्ट, कारण तुम्ही तिकिटे आधी काढून परवानगी नंतर मागायच्या विचारात आहात. उलटे करा. सुटी असली तरी मुख्यालय सोडण्याची आणि परदेशी जाण्याची परवानगी लेखी घ्यावी. ती संस्थेच्या पातळीवर पुरते की शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जाते हे शाळेच्या लिपिकांना आताच विचारा, कारण तो कागद टेबलावरून हलायला वेळ लागतो. अर्जात कारण ‘खाजगी पर्यटन’ एवढेच लिहा. नोकरदाराच्या व्हिसा अर्जाला कार्यालयाचे पत्रही जोडावे लागते, तेव्हा दोन्ही कामे एका खेपेत होतील. भारतीयांसाठी जपानने १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू केला असून अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत जातो. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट सुरू ठेवून दाखवायचा असतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. नागपूरहून थेट विमान नाही, दिल्ली किंवा मुंबईहून जावे लागेल, म्हणून दोन विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवा.

उरल्या त्या प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका. त्या दरवर्षी शिक्षकांच्या दिवाळीत फराळाच्या डब्यांशेजारी असतात. वेळापत्रक आले की गणिताचा पेपर पहिल्या दोन दिवसांत ठेवण्याची विनंती परीक्षा विभागाकडे करा आणि लक्ष्मीपूजनाआधी गठ्ठा संपवा. तो घेऊन विमानात बसायचे नाही, ही अट मी तुमच्या वतीने घालतो. शाळा सुरू होण्यापूर्वी निदान दोन दिवस आधी नागपुरात या. राजीनामा जूनआधी द्यायचा नाहीच, पण त्याचा विचारही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काढू नका. तोवर मुख्याध्यापकांनी तुमच्या एका मागणीचे काय केले, पालकांचा ग्रुप रात्री शांत राहतो का आणि संचमान्यतेत शाळेचे काय झाले, या तीन गोष्टी तुमच्यासमोर असतील. त्यावेळी पुन्हा लिहावेसे वाटले तर जरूर लिहा.